पूर ओसरल्यावरचा पहिला हंडा

नदी पात्रात परतली की गावातली कर्ती माणसे शिवाराकडे धावतात. सोयाबीन किती वाहून गेले, बांध कुठे फुटला, मोटार वाचली का, पंचनाम्याला तलाठी कधी येणार, याचीच चर्चा पारावर चालते. त्याच वेळी घरातली बाई हंडा घेऊन दारात उभी असते. आड गढूळ झालेला, हापशाच्या ओट्यावर चिखल, वीज नाही म्हणून नळ बंद, आणि लेकरू पाणी मागते आहे. पुराच्या बातम्यांत या हंड्याला जागा मिळत नाही. परंतु पुढच्या पंधरा दिवसांत घरात आजारपण शिरणार की नाही, हे बऱ्याच अंशी या हंड्यावर ठरते. म्हणून आज तेवढीच एक गोष्ट घेऊ.

आपल्या लातूर जिल्ह्याला तहान नवी नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. पाणी नसले की काय करायचे ते शिरूर अनंतपाळच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत उलटेच घडले. मुखेड तालुक्यात ऑगस्टच्या मध्यावर गावेच्या गावे पाण्यात गेली, माणसे दगावली, लष्कराला बोलवावे लागले. चोहीकडे पाणीच पाणी, आणि त्यातला तांब्याभरही पिण्याजोगा नाही. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीकडे हेच झाले होते. उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली, म्हणून पुराने वेढलेल्या शहरांचे नळ कोरडे पडले. भूकंपाची तऱ्हा वेगळी, पण हंड्याची अडचण तीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. भूकंपात टाकी तडकते, नळ फुटतो आणि शेकडो माणसे एका टँकरवर येऊन पडतात. टँकरचे पाणी चांगले असले तरी ते ज्या बादलीत, ज्या हाताने घेतले जाते तिथे बिघडते.

मदत येतेच. बाटल्या येतात, गोळ्या येतात, पांढरी पावडर येते. पण ती येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि आल्यावर तिचे काय करायचे हे सांगणारा माणूस बरोबर असतोच असे नाही. नेपाळ, इंडोनेशिया, केनिया आणि हैती या चार देशांत आपत्तीनंतर पाणी शुद्ध करायची साधने वाटली गेली, त्यांचा पुढे किती उपयोग झाला याची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. काही ठिकाणी ज्यांना वस्तू मिळाली त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच ती नीट वापरली नव्हती, तर काही ठिकाणी दोन-तृतीयांश घरांचे पाणी खरोखर शुद्ध झाले होते. जिथे वस्तू आधीपासून ओळखीची होती आणि शिकवणारे माणूस दाराशी येत होते, तिथे काम झाले. नुसती पाकिटे टाकून गाडी पुढे गेली तिथे पाकिटे फळीवर पडून राहिली. यात नवल काही नाही. संकटाच्या दिवशी कोणी नवी विद्या शिकत नाही, हाताला जे ठाऊक असते तेच हात करतात. म्हणून ही माहिती मृग निघण्याआधी गावात असावी लागते, आणि ती पाणी भरणाऱ्या हातांत असावी लागते.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे निवळ पाणी म्हणजे चांगले पाणी असा समज पक्का बसलेला आहे. तळ दिसला की घागर बुडवली. पण पाणी निवळणे हे एक काम आणि त्यातले रोगजंतू मारणे हे दुसरे. तुरटीने पाणी काचेसारखे दिसेल, तरी त्यात पटकीचे, काविळीचे, विषमज्वराचे जंतू शिल्लक राहू शकतात. उलट गढूळ पाण्यात तुम्ही औषध टाकले तर ते औषध मातीशी आणि कुजलेल्या पाल्याशी भांडण्यातच संपून जाते, जंतूंपर्यंत पोचतच नाही. तेव्हा क्रम ध्यानात धरावा : आधी निवळवा, मग गाळा, मग जंतू मारा, आणि झाकून ठेवा. यातली एक पायरी गाळली की उरलेल्यांचे श्रम बहुधा फुकट जातात.

निवळवण्याची साधने आपल्या घरातच आहेत. तुरटी सर्वांना माहीत आहे. खडा स्वच्छ धुऊन हंड्यात दहा-बारा वेढे फिरवावा आणि हंडा तासभर हलवू नये. खडा पाण्यात टाकून विसरू नये, पाणी तुरट होते. जुन्या बायका निवळीची बी भांड्याच्या आतल्या बाजूला उगाळत. नावातच तिचे काम आहे, पण आता ती बी बाजारात सहज मिळत नाही. त्याऐवजी बांधावरचा शेवगा पाहा. शेंग झाडावरच वाळून तपकिरी झाली की आतल्या बिया काढाव्यात, टरफल सोलून पांढरा गर बारीक कुटावा. मध्यम गढूळ पाण्याला लिटरमागे साधारण एक बी पुरते, म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्याला पंधरा बिया. कूट वाटीभर स्वच्छ पाण्यात कालवून फडक्यातून गाळावे आणि ते दुधासारखे पाणी हंड्यात ओतावे. आधी मिनिटभर जोराने, मग पाच-दहा मिनिटे सावकाश ढवळावे आणि दोन तास स्वस्थ ठेवावे. गाळ तळाला बसतो आणि त्याच्याबरोबर बरेचसे जंतूही खाली जातात. बरेचसे म्हणजे सगळे नव्हेत, हे मात्र विसरू नये. शिवाय शेवग्याने निवळलेले पाणी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. बियांचा अंश पाण्यात राहतो आणि उरलेल्या जंतूंना तेच खाद्य होते. पावसाळ्यात वाळलेली शेंग मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यात दहा-वीस शेंगा फडक्यात बांधून माळ्यावर टांगाव्यात.

गाळण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या साध्या कृतीला अलीकडे लोक हसतात. आपल्याकडच्या साठी-सत्तरीच्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब जंत निघायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आणि ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस बाजेवर. नारूवर लस नव्हती, औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत माणसे उतरून पाणी भरत. ज्याच्या पायाला नारू फुटला आहे त्याचा पाय पाण्यात बुडे, त्यातून बारीक पिले बाहेर पडत, पाण्यातले पिसवाएवढे जीव ती गिळत, आणि ते जीव पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जात. हे ध्यानात आल्यावर उपाय सोपा झाला : फडक्याने पाणी गाळा, पाय बुडवू नका, पायऱ्या बंद करून रहाट लावा, विहिरीत औषध टाका. १९८३-८४ पासून देशभर ही मोहीम चालली, १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा रोग फडक्याने आणि तोंडी सांगितलेल्या माहितीने गेला. गावोगावच्या घरांत जाऊन ही माहिती सांगणाऱ्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

फडक्याचा दुसरा दाखला बांगलादेशातला आहे. तिथल्या मतलब भागात पटकीची साथ नेहमीची. पटकीचे जंतूही पाण्यातल्या अशाच सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, हे अमेरिकेतल्या रीटा कोलवेल या विदुषींनी दाखवून दिले होते. त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर ६५ खेड्यांत पाहणी केली. जुनी, अनेकदा धुतलेली सुती साडी चार पदरी घडी करून घागरीच्या तोंडाला बांधायची आणि त्यातून पाणी गाळायचे. एवढ्याने पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. साडी जुनीच का? धुऊन धुऊन सुताचे तंतू फुलतात आणि विणीतली भोके बारीक होतात, नव्या कापडात ती मोठी असतात. म्हणजे जे लुगडे आपण पोतेऱ्याला काढतो तेच या कामाला चांगले, फक्त ते स्वच्छ धुतलेले आणि उन्हात वाळवलेले हवे. काही वर्षांनी तीच माणसे पुन्हा त्या खेड्यांत गेली. सुमारे तीस टक्के बायका अजूनही पाणी गाळत होत्या. आणि गाळणाऱ्या घरांच्या शेजारी राहणाऱ्या, पण स्वतः न गाळणाऱ्या घरांतही पटकी कमी झालेली आढळली. शेजारणीने केलेल्या कामाचा गुण आपल्या घराला लागतो, असे हे काम आहे.

तरी फडक्याची मर्यादा सांगितली पाहिजे. नारूचे पिसू, पाण्यातले किडे, गाळ हे फडक्यात अडकतात. सुटे जंतू आणि काविळीचे विषाणू त्याहून फार लहान, ते सरळ खाली उतरतात. म्हणून तिसरी पायरी.

जंतू मारायला उकळण्यासारखा भरवशाचा उपाय नाही. पाण्याला खळाखळा उकळी फुटून मिनिटभर टिकली की जंतू मरतात, आपण पाच मिनिटे धरू. पण पुरानंतर सरपण भिजलेले, गोवऱ्या वाहून गेलेल्या, गॅसची टाकी असली तर ती किती दिवस पुरवायची हा प्रश्न. सगळ्या घराचे पाणी उकळणे होत नसेल तर निदान लहान मूल, गरोदर बाई, बाळंतीण आणि म्हातारे माणूस यांचे तरी उकळावे. बाकीच्यांसाठी टीसीएल पावडर आहे.

ही पावडर ग्रामपंचायतीत असतेच. ताजी असताना तिच्यात सुमारे तेहतीस टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो आणि मागे उरतो नुसता चुना. वास न येणारी पावडर म्हणजे नाव मोठे नि लक्षण खोटे. घरी वापरायची असेल तर एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम ताजी पावडर कालवावी. अंदाज नको, जलसुरक्षकाकडून किंवा उपकेंद्रातून तोलून घ्यावी. हे काम अंगणात करावे, नाकातोंडावर फडके बांधावे. चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी गडद रंगाच्या किंवा कागद गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावे. या पाण्याचा चहाचा एक चमचा पंधरा लिटरच्या, आधी निवळलेल्या आणि गाळलेल्या हंड्याला पुरतो. ढवळून अर्धा तास झाकून ठेवावे, मग प्यावे. पाण्याला किंचित वास यायला हवा. मुळीच आला नाही तर अजून एक चमचा टाकून पुन्हा अर्धा तास थांबावे. पाणी किंचित गढूळच राहिले असेल तर सुरुवातीलाच दोन चमचे घ्यावेत. बाटलीवर नाव लिहावे, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, संडास धुण्याच्या ॲसिडजवळ तर कधीच नाही, कारण दोन्ही एकत्र झाले की विषारी वायू निघतो. आठवडा झाला की उरलेले टाकून नवे करावे. आरोग्य खात्याकडून गोळ्या मिळाल्या तर एक गोळी किती लिटरला हे पाकिटावर वाचून घ्यावे. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात.

वास येतो म्हणून पुष्कळ घरांत असे पाणी ओतून देतात. माठात ओतून तोंड फडक्याने झाकून ठेवले तर काही तासांत वास बराच उतरतो. त्या वासाचीच सवय करून घेतलेली बरी, असे माझे मत आहे.

उन्हाचाही एक उपाय आहे. १९८० च्या सुमारास लेबनॉनमधल्या बैरूतच्या विद्यापीठात आफ्तिम आक्रा यांनी तो अभ्यासला आणि पुढे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्याचा प्रसार केला. मदतीत आलेल्या पाण्याच्या पारदर्शक बाटल्या फेकू नयेत. वरचा कागद काढून धुवाव्यात, निवळ पाण्याने काठोकाठ भराव्यात आणि पत्र्यावर आडव्या ठेवाव्यात. कडक उन्हात सहा तास, अर्धे आभाळ असेल तर दोन दिवस. झड लागली असेल तर हा उपाय चालत नाही. तांब्याच्या हंड्याविषयीही बायका विचारतात. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरे आहे, पण पुराच्या पाण्याला तेवढ्यावर सोडू नये.

झाकण्याची पायरी सोपी, म्हणून तीच चुकते. शुद्ध केलेल्या माठात पोराने चिखलाच्या हाताने तांब्या बुडवला की वरचे सगळे श्रम पाण्यात. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटी असलेला माठ घ्यावा.

आता विहीर. पुराचे पाणी जिच्यात शिरले ती विहीर स्वच्छ होईपर्यंत पिण्यासाठी बंद समजावी. मेलेले जनावर, कुजका पाला काढावा. उपसा करताना घाई करू नये. काळी जमीन पाणी पिऊन फुगलेली असते, विहीर एकदम रिकामी केली की बाहेरच्या दाबाने कडे ढासळतात. गाळ काढायला कोणी आत उतरू नये. तळाशी वायू साचलेला असतो, आणि भिजलेल्या मोटारीचा शॉक तर दरवर्षी कुठे ना कुठे जीव घेतो. पाणी थोडे थोडे उपसून नवे येऊ द्यावे, मग पावडर टाकावी. किती? हिशेब सोपा आहे. विहिरीची रुंदी फुटांत मोजा, तिला तिनेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी बावीसने गुणा. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट पाणी असेल तर तेहतीस हजार लिटर होतात. नेहमीच्या दिवसांत हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते, म्हणजे या विहिरीला ऐंशी-ब्याऐंशी ग्रॅम. पुरानंतर पहिल्या वेळी दुप्पट तरी धरावी. बादलीत कालवून, चुना बसू देऊन, वरचे पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडावे आणि पोहरा वरखाली करून चांगले घुसळावे. तासाभराने जलसुरक्षकाने ओ.टी. तपासणी करावी. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर आणखी टाकावी लागेल. नागपूरच्या नीरी या संस्थेने घरगुती विहिरीसाठी दोन मडक्यांची युक्ती काढली आहे. लहान मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू मिसळून भरतात, ते मोठ्या मडक्यात ठेवतात, दोन्हींना बोट जाईल एवढे भोक असते, आणि जोडी पाण्याखाली निदान मीटरभर सोडतात. पावडर सावकाश पाझरते आणि लहान विहिरीला दोन-तीन आठवडे पुरते. कुंभाराकडून मडकी आणली की झाले.

हापशाभोवती पाणी चढले असेल तर बोअरमध्येही पावडरीचे पाणी सोडून रात्रभर ठेवावे लागते. ते काम पंचायतीकडून करून घ्यावे.

एका गोष्टीपुढे मात्र यातले काहीच चालत नाही. पाण्याला रॉकेल, डिझेल किंवा फवारणीच्या औषधाचा वास असेल, जवळचे खताचे गोदाम किंवा औषधाची खोली बुडाली असेल, तर ते पाणी उकळूनही प्यायचे नाही. उकळी, तुरटी, पावडर यांनी जंतूंचा बंदोबस्त होतो, विषाचा नाही. असे पाणी सोडून द्यावे आणि टँकर मागावा. फवारणीचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये, हे तर पूर नसतानाही लागू आहे.

इतके करूनही जुलाब लागलेच तर? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे, पटकीने माणसे भराभर मरत होती. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांची पुडी पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिली आणि पाजत राहा म्हणून सांगितले. मरणाचे प्रमाण शंभरात तिसापर्यंत गेले होते, ते चारच्या खाली आले. सुई टोचायला डॉक्टर लागतो, वाटीने पाजायला आई पुरते. घरी पुडी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चमचा चहाचा. मीठ वाढवू नये. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाजत राहावे.

हे सगळे गावात पोचवायचे कसे? ग्रामसभेत सांगून भागत नाही. तिथे पुरुष बसतात आणि हंडा भरतात बायका. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे विचारा. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, भजनाच्या आधी पाऊण तास त्यांना द्या. भाषण नको, करून दाखवावे. तपासणीच्या संचात एक छोटी बाटली असते. पाणी दूषित असेल तर ते तिच्यात भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळे पडते. तुरटीने काचेसारखे निवळलेले पाणी एका बाटलीत भरा, तेच पाणी पावडर टाकून अर्ध्या तासाने दुसरीत भरा, आणि दोन्ही बाटल्या देवळाच्या कट्ट्यावर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक काळी आणि एक तशीच, हे ज्या बाईने पाहिले तिला निवळ आणि शुद्ध यातला फरक पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही. शाळेतल्या मुलांना विहिरीचा हिशेब गणित म्हणून घालता येईल.

आपल्या तालुक्यात उजेड गावी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गांधीबाबांच्या नावाने यात्रा भरते. पाळणे, मिठाईची दुकाने, कुस्त्या यांच्या शेजारी एक बाक, चार बाटल्या, एक जुने लुगडे आणि शेवग्याच्या शेंगा मांडून कोणी बसले तर पंचक्रोशीतली शेकडो माणसे एका दिवसात पाहून जातील. खर्च चहापाण्याएवढा.

एवढे सांभाळावे की सांगायची सुरुवात गावाच्या मध्यभागातून होऊ नये. पुराचे पाणी आधी शिरते ते खालच्या अंगाच्या वस्तीत, नदीकाठच्या झोपड्यांत, आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याच्या घरात. मदतीची गाडीही तिथे शेवटी पोचते. तांड्यावर जाऊन सांगायचे तर तिथलीच एक बाई आधी तयार करावी, ती त्यांच्या बोलीत सांगेल. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास निघतात आणि मिळेल त्या पाण्यावर फडात राहतात. निघण्याआधी त्यांना पावडरीच्या पाण्याची बाटली आणि चार पदरी फडके मिळाले तर ते आपत्तीनंतरच काय, सगळा हंगाम कामी येईल.

पंचायतीत जाल तेव्हा दोन गोष्टी पाहून या. पाण्याच्या तपासणीवरून गावाला दरवर्षी कार्ड मिळते, आपले लाल आहे, पिवळे की हिरवे. आणि टीसीएल पावडरीचे पोते कुठे ठेवले आहे, त्यावर कोणत्या महिन्याची तारीख आहे, तोंड बांधलेले आहे की उघडे.